डिजिटल वर्ग: खरेदी झाली, आता वापराचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या शाळेला इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने स्पर्श करून चालवायचा मोठा पडदा) मिळाले, दुसऱ्या शाळेत लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही बसला, कुठे माजी विद्यार्थ्यांनी टॅब भेट दिले, अशा बातम्या आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर नेहमी वाचायला मिळतात. गावाची आपल्या शाळेविषयीची आस्था त्यांतून दिसते आणि ती मोलाची आहे. माझी सगळी नोकरी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतरही करवीर आणि गगनबावडा तालुक्यांतील काही प्राथमिक शाळांत तेथील शिक्षकांच्या बोलावण्यावरून मी जात असतो. तिथे जे पाहतो त्यावरून मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. यापुढे शाळेसाठी कोणतेही डिजिटल साधन घेण्याआधी ते कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठांसाठी हवे आहे हे त्या वर्गाच्या शिक्षकाने सांगितलेले असावे, आणि ते पुढची पाच वर्षे चालू ठेवण्याचा खर्च खरेदीच्याच रकमेत धरलेला असावा. या दोन गोष्टींची तजवीज नसेल तर ती खरेदी लांबणीवर टाकावी.

साधन योग्य जागी वापरले तर काय घडते, ते आधी सांगतो, म्हणजे माझा विरोध तंत्रज्ञानाला आहे असा कोणाचा समज होणार नाही. एका जिल्हा परिषद शाळेत त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते हा पाठ चालू होता. शिक्षिकेने मुलांना घरून जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे एक त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे फाडले आणि पट्टीच्या कडेला एकाशेजारी एक लावले. कोणाचा त्रिकोण मोठा, कोणाचा लहान, तरी सगळ्यांचे कोपरे सरळ रेषेत बसले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, ‘बाई, त्रिकोण एकदम चपटा असला तरी असंच होतंय?’ कागदावर ते करून पाहणे अवघड होते, कारण इतके निमुळते कोपरे हाताने नीट फाडता येत नाहीत. शिक्षिकेने लॅपटॉप उघडला, जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढला आणि माउस त्या मुलीच्याच हातात दिला. तिने शिरोबिंदू पायाच्या दिशेने ओढत नेला, तसे दोन कोन लहान होत होत दोन-तीन अंशांवर आले, तिसरा जवळपास १८० अंशांपर्यंत फुगला, आणि बेरीज मात्र हलली नाही. सगळा वर्ग उठून बाकांपुढे आला होता. नंतर बाईंनी लॅपटॉप मिटला, खडू घेतला आणि शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून हे असे का होते याची सिद्धता फळ्यावर मांडली.

या पाठात पडदा चालू होता तो फार तर दहा मिनिटे. त्याआधी कागद होता आणि त्यानंतर खडू. प्रश्न मुलांच्या हातातल्या कामातून निघाला होता आणि पडद्याने त्या प्रश्नाचे असे उत्तर दाखवले, जे दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या सहज दाखवता आले नसते. जिओजेब्रा एकदा लॅपटॉपवर घेतले की इंटरनेटशिवाय चालते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने विज्ञानासाठी तयार केलेली ‘फेट’ची आभासी प्रात्यक्षिकेही मोफत आहेत आणि त्यांतील कित्येक मराठीत उपलब्ध आहेत. तारेतून वाहणारा विद्युतप्रवाह डोळ्यांना दिसत नाही. तो हलत्या चित्रात दाखवला, मंडलात दुसरा दिवा जोडल्यावर त्याचे काय होते हे मुलांनी स्वतः बदलून पाहिले, की एरवी शब्दांत अडकून राहणारी कल्पना मोकळी होते. अर्थात खरी बॅटरी, खरी तार आणि खरा दिवा मुलांच्या हाताला आधी लागलेला असला पाहिजे.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे आणि त्याला काहीही खर्च येत नाही. तिसरीच्या एका वर्गात शिक्षक प्रत्येक मुलाचे वाचन महिन्यातून एकदा आपल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात आणि त्याचे त्यालाच ऐकवतात. जोडाक्षराशी कुठे अडखळलो, पूर्णविरामावर न थांबता पुढे कसे निघून गेलो, हे मुलाला स्वतःच्या कानाने कळते. पुढच्या महिन्यात मागचे आणि आताचे असे दोन्ही ऐकवले की सुधारणाही कळते. पालकसभेत हेच ऐकवल्यावर निरक्षर आईलाही आपले मूल कुठवर आले आहे याचा अंदाज येतो, जो प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून तिला कधी येत नव्हता. त्या शिक्षकांना हे कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले गेले नव्हते. मूल वाचताना कुठे अडते याकडे त्यांचे लक्ष होते, म्हणून हाताशी असलेल्या साधनाचा हा उपयोग त्यांना सुचला.

याउलट अनेक वर्गांत जे दिसते ते काळजीचे आहे. तासभर व्हिडिओ लावला जातो, मुले शांत बसतात आणि ती शांतता शिकण्याची खूण मानली जाते. डोंगरी भागातील द्विशिक्षकी शाळांत तर एका शिक्षकाकडे दोन-दोन, कधी त्याहून जास्त इयत्ता असतात. तिथे एका इयत्तेला शिकवताना दुसरीला टीव्हीसमोर बसवण्यावाचून त्या शिक्षकापुढे दुसरा मार्ग उरत नाही. त्याबद्दल मी त्या शिक्षकाला दोष देणार नाही. पण रिक्त पदाच्या जागी पडदा बसवून शाळा ‘डिजिटल’ झाल्याचे कोणी सांगत असेल, तर ते त्या मुलांच्या हक्काच्या शिक्षकाची भरपाई नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. चित्रफितीतला आवाज मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असे विचारेल, पण त्याच्या उत्तरासाठी थांबणार नाही, आणि चुकीच्या उत्तरामागे त्याचा काय विचार होता हे तर त्याला कधीच समजणार नाही.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. युनेस्कोने २०२३ मध्ये शिक्षणातील तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पेरू देशाचे उदाहरण आहे: तिथे दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले, परंतु ते अध्यापनात कसे गुंफायचे याचा विचार न झाल्याने मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही. संगणकीकरणात पुढे असलेल्या स्वीडनने त्याच वर्षी शाळांना छापील पाठ्यपुस्तके पुन्हा मिळावीत म्हणून वेगळा निधी देण्याचे ठरवले. हे वाचून साधने नकोतच असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण आपल्याच देशात त्याच्या दुसऱ्या बाजूचाही भक्कम पुरावा आहे. ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय अभ्यासप्रणालीचा दिल्लीतील सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांवर कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत त्या मुलांची गणितातील आणि हिंदीतील प्रगती इतरांपेक्षा ठळकपणे जास्त दिसली. त्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. मूल सातवीत असले तरी त्याला प्रत्यक्षात चौथीच्या पातळीचे गणित येत असेल, तर ही प्रणाली त्याला चौथीच्या पातळीपासून प्रश्न देत होती. चाळीस मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत, हे एकट्या शिक्षकाला जमवणे फार कठीण असते. शिवाय त्या केंद्रांत रोजच्या नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळच संगणकापुढे जात असे आणि उरलेला निम्मा वेळ लहान गटाला शिकवणारी माणसे होती. आपल्याकडे असे साधन आणताना हा दुसरा निम्मा भाग गाळून चालणार नाही.

आता देखभालीकडे वळतो, कारण आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला फार तोंडे आहेत आणि त्यावर बोलले मात्र फार कमी जाते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या भागांत जून ते सप्टेंबर पाऊस कसा कोसळतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वाऱ्यापावसात झाड तारांवर पडले की वाड्यावस्त्यांवरचा वीजपुरवठा दोन-दोन दिवस येत नाही, मोबाइलला रेंज नसते, आणि कौलारू खोलीतील दमट हवेत उपकरणांचे जोड गंजतात. म्हणजे शैक्षणिक वर्षाचे पहिले चार महिने हे साधन भरवशाचे नसते. पूर्वेकडे वेगळी अडचण आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले, आणि अशा वेळी गावातील सुरक्षित जागेवरची शाळा म्हणजे पूरग्रस्तांचा निवारा असतो. अशा ठिकाणी भिंतीला कायमचे ठोकलेले महागडे पॅनेल घेण्यापेक्षा उचलून माडीवर किंवा शेजारच्या गावी नेता येईल असा लहान प्रोजेक्टर आणि एक लॅपटॉप घेणे शहाणपणाचे नाही का? पण साधनांची यादी वरून ठरून येते, त्यामुळे हा प्रश्न शाळेला कोणी विचारत नाही.

एका शाळेत मी पाहिलेला पडदा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यावर मुलींनी शिवलेले कापडी आवरण होते, रिमोट कार्यालयातल्या कपाटात जपून ठेवला होता, आणि संच बंद पडून दुसरे वर्ष चालू होते. मुख्याध्यापकांनी पुरवठादाराला अनेकदा फोन केले होते. हमीची मुदत संपल्याचे उत्तर मिळाले. दुरुस्तीचा खर्च शाळेच्या वार्षिक अनुदानात बसत नव्हता, कारण त्याच अनुदानातून खडू, नोंदवह्या, स्वच्छतागृहाची डागडुजी आणि वीजबिल भागवायचे होते. ज्या कोल्हापुरात उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत सकाळी बंद पडलेले यंत्र संध्याकाळपर्यंत चालू करून देणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले, त्याच कोल्हापूरच्या शाळेत एक संच वर्षभर कापडाखाली झाकून राहावा, याचे मला फार वाईट वाटते. तालुक्यातालुक्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, शहरात आणि आसपास तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी निदेशकांच्या देखरेखीखाली वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, शाळांतील साधनांची तपासणी व किरकोळ दुरुस्ती केली, तर त्यांना प्रात्यक्षिकाचा अनुभव मिळेल आणि शाळांचा खोळंबा टळेल. सुट्या भागांचा खर्च मात्र देणगीदाराने किंवा जिल्हा परिषदेने आधीच बाजूला काढून ठेवायला हवा.

यात नवे काही नाही. केंद्र सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाखाली शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आणले, तेव्हाही यंत्रे आधी आली आणि ती वर्गात कशासाठी वापरायची हा विचार मागे राहिला. चाळीस वर्षांनंतर तरी हा क्रम उलटा व्हावा.

शिक्षकांची बाजू सांगायची तर शाळेत सर्वांत जास्त वापरले जाणारे डिजिटल साधन म्हणजे शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल, स्वतःच्या रिचार्जसह. त्यावर दिवसभर हजेरी, पोषण आहाराची नोंद, विविध पोर्टलवरची माहिती, उपक्रमांची छायाचित्रे आणि ‘आजच भरावी’ अशा लिंक येत राहतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. पण माहिती भरण्याचे काम शैक्षणिकच आहे असे मानले गेल्यामुळे त्यांना या कलमाचा आधार मिळत नाही. जो शिक्षक तास संपता संपता लिंक भरतो आहे, त्याने त्याच मोबाइलवर उद्याच्या पाठासाठी चांगले प्रात्यक्षिक शोधून, ते स्वतः करून पाहून, मगच वर्गात दाखवावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? एकच माहिती चार ठिकाणी भरण्याची पद्धत बंद केली, तर पाठाच्या तयारीसाठी आठवड्याला काही तास सहज मोकळे होतील. माझ्या मते शाळांच्या डिजिटायझेशनमधली ही पहिली पायरी असायला हवी आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

या तयारीसाठी व्यासपीठही हाताशी आहे. आसपासच्या शाळांचे शिक्षक केंद्रशाळेत एकत्र येतात त्या शिक्षण परिषदेत बहुतेक वेळ परिपत्रके वाचण्यात जातो. त्याऐवजी प्रत्येक परिषदेत एका शिक्षकाने डिजिटल साधन वापरून घेतलेला एक पाठ सहकाऱ्यांपुढे करून दाखवावा, मुले कुठे अडली आणि साधनाचा कुठे काहीच उपयोग झाला नाही हेही सांगावे. यातून वर्षभरात केंद्रातील शिक्षकांनी स्वतः पारखलेल्या पाठांची यादी तयार होईल. पुढची खरेदी करताना ती यादी विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आता शाळांच्या दारात येऊ लागली आहेत. त्यांनाही हीच परीक्षा लावावी.

मुलांच्या घरातील मोबाइलबद्दल वेगळे बोलले पाहिजे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. याचा अर्थ साधन घराघरांत पोहोचले, ते अभ्यासासाठी कसे वापरायचे हे मात्र अजून शिकवायचे आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरील साहित्य उघडता येते, ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही पाहता येते, ही साधी गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नाही. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या कुटुंबांतील मुलांना तर याचा खरा उपयोग होऊ शकेल, कारण ऐन वर्षाच्या मध्यावर त्यांची शाळा सुटते आणि पुस्तकाचे पान तिथेच राहते. पण त्या कुटुंबात मोबाइल एकच असतो आणि तो दिवसभर आईवडिलांबरोबर फडात असतो. अशा मुलांसाठी साखर कारखाना परिसरातील शाळेत पाठ उतरवून ठेवलेले चार-पाच टॅब आणि सोबत एक शिक्षक, एवढी व्यवस्था हंगामापुरती केली तरी त्यांचे वर्ष वाया जाणार नाही. शहरातील एखाद्या सुसज्ज शाळेला दुसरे पॅनेल देण्यापेक्षा देणगीदारांनी या मुलांचा विचार आधी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते ज्यांच्यापर्यंत शाळा पोहोचली नव्हती अशांसाठी. त्यांच्या करवीरनगरीत साधनांचे वाटपही त्याच टोकाकडून सुरू झाले पाहिजे.

मुलांची छायाचित्रे आणि माहिती यांबाबतही सावधगिरी हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. एखादे मोफत ॲप वर्गात सुरू करताना ते मुलांची कोणती माहिती गोळा करते, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारले गेले पाहिजे.

शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी याच शहरात सृजन आनंद विद्यालयातून मुलांच्या अनुभवावर उभे राहणारे शिक्षण प्रत्यक्षात करून दाखवले. मुलाने पाहावे, हाताळावे, विचारावे आणि शिक्षकाने त्या प्रश्नाबरोबर चालावे, ही तिथली रीत डिजिटल साधनांनाही लागू करता येते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेने गडाची चित्रफीत वर्गात दाखवण्याआधी मुलांना गडावर नेऊन आणावे. तटबंदी, अंबरखाना आणि तीन दरवाजा चालत पाहिलेल्या मुलांना मग उपग्रहचित्रात गडाचा आकार दाखवला, तर तो त्यांना वेगळ्याच डोळ्यांनी दिसेल.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे. शाळेला साधन मिळाल्याची बातमी छापताना ते कोणत्या पाठांसाठी घेतले आणि त्याच्या देखभालीचा खर्च कोण करणार, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी मुख्याध्यापकांना आणि देणगीदारांना विचारावेत आणि त्यांची उत्तरे बातमीत द्यावीत. वर्षभराने त्याच शाळेत पुन्हा जाऊन ते साधन चालू आहे का, आणि शिक्षक व मुले त्याविषयी काय सांगतात, याचीही बातमी तेवढ्याच जागेत छापावी. ज्या शाळांत काम चांगले चालले आहे, त्यांचे पाठ त्यामुळे इतर शाळांपर्यंत पोहोचतील, आणि जिथे संच बंद आहे तिथली दुरुस्ती लवकर होईल.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
कोल्हापूर